रिकाम्या खोलीतला खोकला

१

ड्रेक्स आर्म या समुद्रकाठच्या गावातल्या रुग्णालयात आयसोलेशन वॉर्डातली एक नंबरची खोली मंगळवारी दुपारपासून रिकामी होती. तरीही बुधवारी सकाळी तिथल्या हवेत फ्लूचा विषाणू सापडला.

अहवाल गुरुवारी साडेआठला आला. रुग्णालयात संसर्ग पसरू नये हे बघण्याचं काम झिटा करीन या नर्सकडे होतं. तिने अहवाल दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि हातातला टोस्ट बशीत ठेवला. खोली पुढच्या रोग्याला देण्याआधी, बुधवारी, तिथल्या आठ जागांवरून तिने स्वतः स्वॅब घेतले होते. तीन जागी विषाणू होता: खिडकीची मूठ, खिडकीचा कठडा, खुर्चीचा उजवा हात. खाटेचे कठडे, घंटेचं बटण, दिव्याचं बटण, पुढच्या दाराची मूठ आणि छताजवळची हवेची जाळी, या पाचही जागा स्वच्छ होत्या. हवेचा नमुना मात्र दूषित होता, आणि थोडाथोडका नाही.

थोड्याच वेळात व्यवस्थापक रँडल स्टोक्स दारात उभे राहिले. त्यांच्या हातात एक टाइप केलेलं पत्र होतं. अहवाल येऊन जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती, म्हणजे पत्र आधीच तयार असावं, असं झिटाला वाटून गेलं.

"खोली कुणी साफ केली होती?"

"फिलताईने."

"मग प्रश्नच मिटला."

"तुमचा मिटला असेल. माझा आत्ता सुरू झालाय."

"हे बघ झिटा, बाई चांगल्या आहेत, मला मान्य आहे. पण सफाईचं काम बाहेरच्या कंपनीला द्यावं हे मी गेल्या शरदापासून सांगतोय. तीन नंबरच्या खोलीतलं फडकं इथे फिरवलं असणार, आता हा पुरावाच आला. उद्या दुपारी बारा वाजता त्यांना वॉर्डातून कमी करतो, आणि कारण नोटिसांच्या फळ्यावर लावतो. लोकांना कळायला हवं."

"बावीस वर्षांत तिच्या खोलीतून एक जंतू बाहेर पडलेला नाही."

"जंतू मोजायला तेव्हा तू नव्हतीस."

"आता आहे ना. बारापर्यंतचा वेळ मला द्या."

स्टोक्सनी घड्याळ बघितलं, जणू वेळ त्यांच्या खिशातून जाणार होता. "बारा म्हणजे बारा," म्हणाले आणि गेले.

वॉर्डातल्या प्रत्येक खोलीचं पुढचं दार कार्ड लावल्याशिवाय उघडत नसे, आणि प्रत्येक कार्डाची वेळ यंत्रात नोंदली जाई. झिटाने एक नंबरची नोंद काढली. मंगळवारी तीन चाळीसला फिलताई, म्हणजे फिलोमिना हाइन्स, बाहेर पडली. त्यानंतर थेट बुधवारी दहा पन्नासला एकच कार्ड लागलं होतं.

ते झिटाचं स्वतःचं होतं.

२

फिलोमिना हाइन्स चहाच्या खोलीत बसली होती. दहा वाजता सगळा वॉर्ड चहाला येतो आणि पावणेअकरापर्यंत कुणी हलत नाही. टेबलावर तव्यात परतलेल्या कणकेच्या वड्या आणि काकवीची बरणी होती. फिलोमिनाने तिकडे पाहिलंही नव्हतं, यावरून बातमी तिच्यापर्यंत पोचलीय हे झिटाने ओळखलं.

"फिलताई, एक नंबर कशी साफ केलीस ते पहिल्यापासून सांग."

"माझ्या बाप्तिस्म्यापासून सांगू का?"

"खोलीत शिरलीस तिथपासून पुरे."

"वरून खाली आले. आधी जाळी, मग दिवे, मग खिडकी, खाट, खुर्ची, दोन्ही दारं, शेवटी जमीन. नवी फडकी, नवा बोळा. औषध दहा मिनिटं ओलं राहायला पाहिजे. ती दहा मिनिटं मी घड्याळात बघत नाही, जपमाळेचे तीन टप्पे म्हणते. तुझ्या खोल्यांसाठी मी जितकी प्रार्थना केलीय ना पोरी, तितकी आमच्या फादरनी अख्ख्या गावासाठी केली नसेल."

"स्टोक्ससाहेब म्हणतात, तू तीन नंबरचं फडकं एक नंबरमध्ये वापरलंस."

फिलोमिना उभी राहिली. ती पाच फुटांची होती, पण उभी राहिली की लोक मागे सरकत. "त्यांना म्हणावं, माझ्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून जेवा, आणि मग माझ्या डोळ्यांत बघून हे बोला!" मग तिचा आवाज खाली आला. "झिटा, दीड वर्षात मी निवृत्त होणार. फळ्यावर माझं नाव लागलं, घाणेरडं काम केलं म्हणून, तर रविवारी मी चर्चच्या पायऱ्या कशा चढू?"

झिटाने तिच्यापुढे एक वडी सरकवली. "खा. मला तुझी मदत लागणार आहे."

फडक्याचा आरोप वाटतो तितका पोकळ नव्हता. मंगळवारी एक नंबरमधून घरी गेलेल्या बाईला वेगळाच विषाणू होता. सापडला तो फ्लूचा, आणि वॉर्डात फ्लूचा रोगी एकच होता, तीन नंबरमधले हुबर्ट डॉलिमोर. रक्ताचं नातं नसताना अख्खं गाव त्यांना हुबर्टकाका म्हणे. शनिवारी ऑक्सिजनवर आले होते. आता ताप उतरला होता, आणि जेवणाबद्दल ते तक्रार करू लागले होते. म्हणजे प्रकृती सुधारत होती.

पण फडक्याने विषाणू आला असता तर ते फडकं जिथे जिथे फिरलं तिथे तिथे तो दिसला असता. खाटेवर नाही, बटणांवर नाही, फक्त खिडकीपाशी? आणि हवेचं काय? वॉर्डातले पंखे प्रत्येक खोलीतली हवा तासाला बारा वेळा ओढून छतावरून बाहेर फेकतात. मूठ आणि कठडा दिवसभर आठवण ठेवतात, हवा अर्ध्या तासात सगळं विसरते. बुधवारी दहा पन्नासला हवेत विषाणू होता, याचा अर्थ त्याआधी अर्ध्या तासात तिथे कुणीतरी श्वास घेत होतं.

अकरा वाजता झिटा मास्क लावून, गाऊन चढवून एक नंबरमध्ये गेली. फिलोमिना बाहेर काचेशी उभी राहिली. खोली लखलखत होती. पुढचं दार, मागचं दार, दोन्हींच्या मुठी चमकत होत्या. मागच्या दाराच्या नव्या, उघड्या कडीवर बोटाचा डागसुद्धा नव्हता. खोली इमारतीच्या कोपऱ्यात, त्यामुळे वॉर्डात हिच्या एकटीलाच टेकडीकडे बघणारी खिडकी. बाहेर आग्नेयेचा वारा ओला बर्फ आडवा मारत होता.

"फिलताई, एफीकाकूच्या दोरीवर कपडे आहेत," झिटा काचेतून ओरडली. "लाल, लांब पायांची विजार."

"आज? अशा हवेत?" फिलोमिना म्हणाली. "म्हातारी सोमवारी धुते, पन्नास वर्षं झाली. नवरा इथे तीन नंबरमध्ये पडलाय, काळजीने डोकं फिरलं असेल बिचारीचं."

झिटाने हवेचा नवा नमुना घेतला आणि तळघरातल्या प्रयोगशाळेत जाऊन यंत्रासमोर तासभर बसून राहिली. मग पडद्यावर उत्तर आलं.

काल खोकणारा माणूस आज पुन्हा येऊन गेला होता. आणि दाराच्या नोंदीत आजही फक्त झिटा होती.

३

"पंख्यांचा दोष असेल तर तसं सांग," झिटा म्हणाली. "मी ओरडणार नाही."

"तू ओरडतेच आहेस," लिअँडर पाइक म्हणाला.

रुग्णालयातलं जे काही फिरतं, गळतं किंवा अडकतं ते सगळं लिअँडरच्या ताब्यात होतं. त्याची खोली तळघरात, बॉयलरशेजारी, इमारतीतली सर्वांत उबदार जागा. त्याने स्टूल पुढे केलं आणि चहात डब्यातलं घट्ट दूध ओतलं.

"तीन नंबरची हवा एक नंबरमध्ये जाते का?"

"मधे दोन नंबर आहे, बाई. आणि जाळीवरून आली असती तर जाळीवर काही सापडलं असतं. सापडलं?"

"नाही."

"मग माझ्या पंख्यांची माफी माग."

"माफ करा, पंखेहो. आता एक नंबरच्या दाबाचा आलेख दाखव."

खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहिला तरच आतली हवा आत राहते, म्हणून तो दिवसरात्र कागदावर उमटत असे. लिअँडरने गुंडाळी उलगडली. रेघ सरळ होती. झिटा पुढच्या दाराने आली-गेली त्या वेळा सोडल्या तर फक्त चार जागी छोटे खड्डे होते: बुधवारी दहा पाच आणि दहा चव्वेचाळीस, गुरुवारी दहा सहा आणि दहा त्रेचाळीस.

"हे काय?"

"वारा. समुद्रावरून झोत आला की होतं असं. सोमवारी मी मागच्या पडवीतला बर्फ काढला, तेव्हापासून जरा जास्तच."

सगळ्या खोल्यांच्या मागून जाणाऱ्या त्या पडवीत पूर्वी क्षयाच्या रोग्यांच्या खाटा उन्हात काढून ठेवत. आता तिथे फक्त वारा राहत असे.

"लिअँडर, वाऱ्याला घड्याळ कळतं का?"

लिअँडरने आलेखाकडे पुन्हा पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"दोन आणि तीन नंबरचेही काढ. उद्या सकाळी मला पाहिजेत."

संशय घ्यायला उरले वॉर्डातले डॉक्टर फॅरंट. ते टोरांटोहून आले होते, तरुण, सभ्य, आणि आठवडाभर मास्कमागे सूं सूं करत होते. रिकाम्या खोलीत जाऊन गुपचूप शिंकणारा डॉक्टर सापडला असता तर स्टोक्सनाही चाललं असतं, कारण डॉक्टरला दोष देता आला नसता आणि प्रकरण दाबता आलं असतं.

"नाकात स्वॅब घालू द्या," झिटा म्हणाली.

"मी कालच घातला. काही नाही. मांजराची ॲलर्जी आहे."

"तुमच्याकडे मांजर आहे?"

"माझ्याकडे नाही! शेजारच्या बाईंचं. मी कामावरून घरी जातो तर त्या माझ्या स्वयंपाकघरात बसलेल्या असतात, मांजर मांडीवर. मागच्या दाराने येतात, टकटक नाही, हाक नाही. परवा मी आंघोळ करून बाहेर आलो तर तीन माणसं माझ्या टेबलाशी चहा पीत होती. मी दाराला कुलूप लावलं, तर दुसऱ्या दिवशी फादर विचारायला आले, काही दुःख आहे का म्हणून!"

झिटा पोट धरून हसली. "डॉक्टर, अहो, लोकांना वाटलं असेल तुम्ही आत मेलात. मागच्या दाराला कुलूप कोण लावतं?"

हे म्हणताना ती हसतच होती. हसणं मधेच थांबलं.

४

शुक्रवारी सकाळी नऊला लिअँडर आला. त्याच्या हातात दोन गुंडाळ्या होत्या आणि चेहरा पडलेला होता.

"दोन नंबर सरळ. तीन नंबरमध्ये खड्डे आहेत. त्याच वेळी, एखाद्या मिनिटाच्या फरकाने. आधी तीन, मग एक. परत येताना आधी एक, मग तीन."

"म्हणजे तुझा वारा तीन नंबरमधून निघून, दोन नंबर ओलांडून, एक नंबरमध्ये जातो. चाळीस मिनिटं बसतो आणि घरी परततो."

"झिटा, मी वाऱ्याबद्दल बोललो ते स्टोक्सला सांगू नकोस."

"सांगणार. पण प्रेमाने."

दहाला पाच कमी असताना तिने मास्क घट्ट केला, गाऊन बांधला आणि पुढच्या दाराने एक नंबरमध्ये जाऊन पडद्याशेजारी उभी राहिली. कुठल्याच वस्तूला तिने हात लावला नाही. वॉर्डातली पावलं चहाच्या खोलीकडे गेली. बाहेर तोच आग्नेयेचा वारा, तोच ओला बर्फ. टेकडीवरच्या पिवळ्या घराचं मागचं दार उघडलं. डोक्याला शाल गुंडाळलेली एफीकाकू वाकत वाकत दोरीपर्यंत आली आणि तिने लाल विजारीशेजारी एक पांढरं टेबलावरचं कापड अडकवलं. चिमटे लावताना तिचा तोल गेला, तिने दोरी धरली, सावरली आणि रुग्णालयाकडे तोंड करून उभी राहिली.

अशा हवेत ड्रेक्स आर्ममध्ये कोणतीही बाई कपडे वाळत घालत नाही. तिला ते वाळवायचे नसतील तरच घालते.

दहा वाजून पाच मिनिटांनी पडवीत लोकरी मोज्यांची घसघस ऐकू आली. मागच्या दाराची मूठ फिरली. थंड हवेचा लोट आला आणि त्यामागोमाग रुग्णालयाचं ब्लँकेट पांघरलेले, टोपी कानांवर ओढलेले हुबर्टकाका टकटक न करता आत आले.

"अगं, झिटा!" ते मनापासून खूश होऊन म्हणाले. "तू इथे? चहा आहे का?"

आणि खोकले.

५

पावणेबाराला झिटाने स्टोक्सना एक नंबरमध्ये बोलावलं. मास्क आणि गाऊन घालून ते आत आले. फिलोमिनाची सही घ्यायची म्हणून पत्र हातात होतंच. बाहेरून कुणी पेन आणून देईल याची वाट बघत त्यांनी ते खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. फिलोमिना आणि लिअँडर दारात होते. हुबर्टकाका आता मास्क लावून खुर्चीत बसले होते, शाळेत पकडलेल्या मुलासारखे.

"माणूस पुढच्या दाराने आला नाही," झिटा म्हणाली. "नोंदीत नाही आणि मुठीवर विषाणू नाही. हवा शिळी नव्हती, म्हणजे तो रोज येत होता, तेही आम्ही चहाला गेल्यावर. दाब दोनच खोल्यांत ढळत होता, एक आणि तीन, आणि फ्लू असलेला माणूस तीनमध्ये आहे. राहिला रस्ता. तो पडवीतून आहे, आणि सोमवारी लिअँडरने त्यावरचा बर्फ काढून दिला."

"पडवी बंद आहे," स्टोक्स म्हणाले. "नकाशात तसंच आहे. गेल्या शरदात सगळ्या मागच्या दारांना कड्या बसवल्या. तसा अहवाल मी स्वतः राजधानीला पाठवला."

"बसवल्या," लिअँडर म्हणाला. "मीच बसवल्या."

"मग?"

"लावल्या नाहीत. लावा असं कुणी म्हटलं नव्हतं."

स्टोक्स फिलोमिनाकडे वळले. "आणि तुम्ही? दार पुसताना कडी उघडी दिसली नाही?"

"दिसली की! पुसली आणि जशी होती तशी ठेवली. मागच्या दाराला कडी लावून बसायला मी काय टोरांटोची आहे?"

"मलाही दिसली होती," झिटा म्हणाली. "बुधवारी आणि काल, दोन्ही दिवशी. मी आठ जागांची यादी घेऊन आले होते, त्यात मागचं दार नव्हतं. उघडी कडी बघून मला काहीच वाटलं नाही, कारण माझ्या घरचं मागचं दार माझ्या लग्नापासून बंद झालेलं नाही. साहेब, तुमच्या घरचं आहे का?"

स्टोक्स ड्रेक्स आर्ममध्येच जन्मले होते.

"पण इथे येऊन करायचं काय होतं?" त्यांनी हुबर्टकाकांना विचारलं.

"बायको," हुबर्टकाका म्हणाले. "तुम्ही तिला येऊ देत नाही. फोनवर मला ऐकू येत नाही, नुसती घरघर. मी होडीवर असायचो तेव्हापासून ती दोरीवर कपडे घालून मला बातम्या देते. लाल म्हणजे मी बरी आहे. पांढरं म्हणजे कुणीतरी जेवायला आलं होतं. निळं म्हणजे ताबडतोब घरी ये. सोमवारी पडवीतून बघितलं, तर थंडीने कान गळून पडायची वेळ आली. मंगळवारी दोन भिंतींपलीकडे फिलूची जपमाळ संपली, म्हटलं दोरी दिसणारी खोली रिकामी झाली." ते फिलोमिनाकडे बघू लागले. "तुझी नोकरी जातेय हे मला आज कळलं गं. आधी कळतं तर मी स्वतः दवंडी पिटली असती. आत्ता लिही, झिटा. मी केलं, हुबर्ट डॉलिमोरने, वय अठ्ठ्याहत्तर, शुद्धीवर असताना."

"लिहिलंय," झिटा म्हणाली. "त्याखाली माझंही नाव आहे, लिअँडरचंही, आणि कड्यांचा अहवाल पाठवणाऱ्याचंही. फिलताईचं नाव एकाच ओळीत आहे. मंगळवारची सफाई निर्दोष होती. पाच जागा स्वच्छ राहिल्या, आणि तीन जागा नंतर काकांनी खराब केल्या."

"बरं," स्टोक्स म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बरं. मग आता ही खोली बंद."

"उलट. खोलीत काकांचाच विषाणू आहे, त्याने काकांना नव्याने काय होणार? त्यांना इथेच ठेवू. आजपासून कड्या लागतील, रोज सकाळी त्या तपासून सही होईल. एफीकाकूला वादळात दोरी धरून लोंबकळायला नको, घरातल्या खिडकीत कापडं लावली तरी इथून दिसतील. आणि तीन नंबर पूर्ण साफ करून पुढच्या रोग्याला देऊ."

"म्हणजे काम माझंच वाढलं," फिलोमिना म्हणाली. पण बोळा आधीच तिच्या हातात होता आणि आवाजातली काळजी गेली होती.

स्टोक्सनी कठड्यावरचं पत्र उचललं, घडी केली आणि ते दाराकडे निघाले. फिलोमिना दारातून हलली नाही.

"कुठे निघालात ते घेऊन?"

"ऑफिसात. फाइलला ठेवतो. म्हणजे... रद्द झालेलं म्हणून."

"तो कठडा दूषित आहे, साहेब. त्यावर ठेवलेला कागद खोलीबाहेर जात नाही. नियमाखाली सही तुमची आहे."

स्टोक्सनी झिटाकडे पाहिलं. झिटाने मान डोलावली. हुबर्टकाकांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, पण त्यांचे खांदे हलत होते.

"मग करू काय याचं?"

फिलोमिनाने गाडीवरून संसर्गजन्य कचऱ्याची पिवळी पिशवी काढली, झटकून तोंड उघडलं आणि त्यांच्यापुढे धरली. स्टोक्सनी पत्र आत टाकलं. तिने पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ मारली, गाठीवरून औषधाचं फडकं फिरवलं आणि म्हणाली, "आता हात धुवा. आणि दहा मिनिटं तिथेच उभे राहा, मी सांगेपर्यंत कशाला हात लावू नका."

व्यवस्थापक उभे राहिले. फिलोमिनाने जपमाळ सुरू केली, आणि पहिला टप्पा नेहमीपेक्षा बराच सावकाश म्हटला.